चाळीसगावच्या इतिहासाला माणसे हवीत

चाळीसगावच्या दक्षिणेला, गौताळ्याच्या डोंगरकुशीत पाटणादेवी आहे. खानदेशातल्या बहुतेक घरांतून कोणी ना कोणी तिथे दर्शनाला जाऊन आलेले असते. तिथल्या पाटण गावात शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ चा एक शिलालेख मिळाला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. निकुंभ घराण्यातले सोइदेव आणि हेमाडिदेव या भावांनी मठाला दान दिले. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. त्यात वंशावळ आहे, विद्वत्तेची थोरवी आहे. बाजारातल्या मालावर आणि तेलाच्या घाण्यावर मठासाठी काय द्यायचे, हा व्यवहार मात्र शेवटी मराठीत कोरला आहे. ज्यांच्या खिशातून मठ चालणार, त्यांना ते कळायला हवे होते.

हा लेख अभ्यासकांसमोर आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. पेशाने ते वैद्य होते. १८६५ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी त्याची माहिती दिली. पुढे संस्कृतचे अभ्यासक कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त त्याचे संपादन केले. याच तालुक्यात गिरणाकाठच्या बहाळला सिंघणाच्या काळातलाच, शके ११४४ चा लेख आहे आणि तोही भास्कराचार्यांच्याच कुळातल्या अनंतदेवाचा. त्याच बहाळला म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ मध्ये उत्खनन करून ताम्रपाषाणयुगातली वस्ती उजेडात आणली. पाटणे गावी पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले आणि कवचाचा एक कोरीव तुकडाही. त्यांचा काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा ठरला. भारतातल्या सर्वांत जुन्या अलंकारांची चर्चा पाटण्याचे नाव घेतल्याशिवाय पुरी होत नाही. घाट चढून कन्नडच्या हद्दीत गेले की पितळखोऱ्याची लेणी. तिथे सापडलेला यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो कान्हदास नावाच्या सोनाराने घडवला, असे त्याच्या हातावरच कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव आणि धंदा दोन्ही कळावेत असे भाग्य आपल्याकडे क्वचितच लाभते.

हे सगळे ज्ञान मुख्यतः इंग्रजी अहवालांत आहे. तेथून ते चाळीसगावच्या बाजारपेठेत, शाळेत, वाडीवस्तीवर आणण्याचे काम कोणाचे? माझ्या मते, इतिहासात पीएच.डी. करणाऱ्या खानदेशी मुलामुलींपुढचा हा आजचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्यांच्या पोटापाण्याचे उत्तरही त्यातच आहे.

जगात या कामाचे स्वतंत्र शिक्षण मिळते. अमेरिकेत १९७०च्या दशकात इतिहासाचे पीएच.डी.धारक वाढले आणि प्राध्यापकांच्या जागा आटल्या. तेव्हा, १९७६ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा केंद्रात रॉबर्ट केली यांनी ‘पब्लिक हिस्टरी’, म्हणजे सार्वजनिक इतिहासाचा अभ्यासक्रम सुरू केला. वर्गाबाहेर, म्हणजे संग्रहालयात, सरकारी खात्यात, कंपनीत, गावात काम करणारे इतिहासकार घडवणे हा त्याचा हेतू होता. आज तिकडच्या काही विद्यापीठांत या विषयात डॉक्टरेट मिळते आणि एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करणे हा त्या पदवीचाच भाग असतो. आपल्याकडे बंगळुरूच्या सृष्टी संस्थेत इंदिरा चौधरी यांनी या विषयाचे केंद्र उभे केले आणि मौखिक इतिहासाला मोठी चालना दिली.

केली यांच्यापुढे जी अडचण होती, ती आता आपल्याही दारात आहे. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट-सेट ही किमान पात्रता झाली आणि पीएच.डी. ऐच्छिक ठरली. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे शेतकऱ्यांची, मजुरांची मुले पहिल्यांदाच संशोधनात आली आहेत. प्रबंध तीन ते सहा वर्षे खातो. त्यानंतर या मुलांनी केवळ तासिका तत्त्वावरच्या जागेची वाट पाहत बसावे, हे मला पाहवत नाही.

आता सार्वजनिक इतिहास शिकणाऱ्यांच्या हाती येणारी कौशल्ये पाहू. मी चाळीसगावचाच आधार घेतो.

१९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. धुळे फाट्यावरच्या गाडीने ते एका गावातल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी करायला गेले आणि परत चाळीसगावला उतरले. महारवाड्यातले लोक हार घेऊन स्टेशनवर उभे होते. टांगे पुष्कळ होते, पण महार माणसाला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. बाबासाहेबांनी पायी चालावे हे वाड्यातल्या लोकांना रुचेना. शेवटी तोड निघाली ती अशी की, टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यायचा, पण हाकायचा मात्र त्यांच्यातल्याच एकाने. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीच्या वळणावर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि बेशुद्ध झाले. त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग सविस्तर लिहिला आहे.

सार्वजनिक इतिहासकाराचे काम इथे सुरू होते. ती फरशी नेमकी कुठे होती? त्यासाठी जुने नकाशे, सिटी सर्व्हेचे उतारे, बांधकाम खात्याची दप्तरे काढावी लागतील. हार घेऊन उभे राहिलेल्यांच्या नातवंडा-पणतवंडांकडे काय सांगितले जाते? त्यासाठी घरोघर बसून, परवानगी घेऊन, रेकॉर्डर लावून ऐकावे लागेल. ते अहिराणीत असेल तर अहिराणीतच उतरवावे लागेल. प्रमाण मराठीत ‘सुधारून’ घेतले की साक्षीतला जीवच जातो. मग प्रश्न येतो फलकाचा. ‘डॉ. आंबेडकर येथे आले होते’ एवढेच लिहिले तर ते खोटे नव्हे, पण त्यात टांगेवाल्यांचा नकार लपतो. तो नकार गावाला दिसेल, गावाने तो वाचावा आणि तरीही फलक उभा राहावा, अशा साठ शब्दांसाठी नगरपालिका, वस्ती आणि जुनी घराणी यांच्याशी महिनोन्‌महिने बोलावे लागते. चारशे पानांच्या प्रबंधाइतकीच बुद्धी या साठ शब्दांना लागते.

दुसरे उदाहरण केकी मूस यांचे. १९१२ मध्ये जन्मलेले, इंग्लंडमध्ये कला शिकून आलेले हे पारशी छायाचित्रकार. चाळीसगाव स्टेशनजवळच्या बंगल्यात ते सुमारे पन्नास वर्षे राहिले आणि क्वचितच बाहेर पडले. ३१ डिसेंबर १९८९ रोजी ते गेले. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी अख्खी निसर्गदृश्ये टिपली. त्यांच्या घराचे आता कलादालन झाले आहे. रोजच्या एका रेल्वेगाडीने प्रेयसी येईल म्हणून ते दार उघडे ठेवून वाट पाहत, ही कथा गावात प्रत्येकाला पाठ आहे. इतिहासकाराने ती कथा झटकून टाकू नये आणि पुरावा म्हणूनही घेऊ नये. पत्रे, वह्या, छायाचित्रांच्या मागच्या नोंदी एकीकडे आणि गावाला ही कथा का प्रिय आहे हा शोध दुसरीकडे, असे दोन्ही करावे. शिवाय निगेटिव्ह आणि प्रिंट दमटपणापासून कशा जपायच्या, सूची कशी करायची, स्वामित्वहक्क कोणाकडे, हे निव्वळ ग्रंथवाचनाने येत नाही.

आणि मोडी. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्होजिल्ही मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद एखाद्या कुटुंबाचे भविष्य बदलू शकते, हे तेव्हा सगळ्यांना कळले. अक्षरे लावणे थोड्या सरावाने जमते. हा कागद कोणत्या खात्याचा, कोणी, कोणासाठी लिहिला, त्यावर कितपत भरवसा ठेवायचा, हे कळायला संशोधनाचे वळण लागते.

नोकऱ्यांचे म्हणाल तर वाटा आहेत. पुराभिलेख संचालनालय, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये, गॅझेटिअर लिहिणारा दर्शनिका विभाग या सरकारी. गोदरेज आणि टाटा यांनी आपापली अभिलेखागारे उभारली आहेत. जळगावात २०१२ पासून गांधीतीर्थ आहे. तिथे संग्रहालय, कागदपत्रांचे जतन आणि डिजिटल नोंदणी एकाच छताखाली चालते. जागा थोड्या आहेत आणि त्यांच्या जाहिराती वर्षानुवर्षे निघत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. म्हणून माझा भर गावातून उभ्या राहणाऱ्या कामावर आहे. अमळनेर-धुळ्याच्या प्रताप मिलच्या कामगारांच्या आठवणी, शतक ओलांडलेल्या शाळांचे इतिहास, सहकारी संस्थांची दप्तरे, पितळखोरे-पाटण्याच्या अभ्याससहली यांना पैसे देणारे लोक खानदेशात आहेत. त्यांना विश्वासाचा माणूस मिळत नाही.

तो विश्वास कसा कमवायचा, हे इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी दाखवले. पदवीधर असूनही विद्यापीठाच्या खुर्चीत ते कधी बसले नाहीत. गावोगाव फिरून त्यांनी लोकांच्या माळ्यावरची दप्तरे खाली उतरवली. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि खंड बावीसपर्यंत नेले. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यातच गेले. पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. अशा पुरात घरातले धान्य जाते तसे कागदही जातात आणि कागद पुन्हा पिकत नाहीत. म्हणून विद्यापीठातल्या मार्गदर्शकांना विनंती आहे की, प्रबंधासोबत एक प्रदर्शन, एक मुलाखतसंग्रह किंवा एका गावाची कागदपत्रसूची मागा आणि तिला गुण द्या. वाचकांनाही विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर मोडीतले कागद, जुनी वहीखाती, गिरणीचे हजेरीकार्ड, आजीच्या लग्नाचा फोटो सापडला तर रद्दीवाल्याला देऊ नका. जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहास विभागाला किंवा धुळ्याच्या मंडळाला कळवा, फोटो काढू द्या आणि मूळ कागद हवा तर स्वतःकडेच ठेवा.