पोलादी पत्र्याचा कल

बांबू उभा सहज चिरतो, आडवा चिरत नाहीं. पोलादी पत्र्यालाहि असाच एक कल असतो. तापलेला पोलादी ठोकळा रुळांमधून लाटला जातांना त्यांतील मँगॅनीज व गंधक यांच्या संयुगाचे कण शेवयांसारखे लांबतात. पुढें पत्रा वांकवितांना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते. घडीची रेघ या लांबलेल्या कणांना समांतर असेल, तर त्यांच्या कडेनेंच चीर उघडते. रेघ काटकोनांत आंखली, तर तोच पत्रा अधिक लहान गोलाईंतहि न तडकतां वांकतो. दोन घड्या परस्परांशीं काटकोनांत हव्या असतील, तर दोन्ही रेघा लाटण्याच्या दिशेशीं ४५ अंशांवर ठेवतात. सूक्ष्म चीर रंगाखालीं दडते आणि भार पडल्यावर वाढत जाते. म्हणून जाणता कारागीर पत्रा कापण्यापूर्वींच लाटण्याची दिशा त्यावर खडूनें आंखून ठेवतो.