मऊ गोळी, कठीण गोळी : शिकारकथेच्या अध्यापनासंबंधी काही विचार

ग्वाल्हेरच्या थाटीपुरात राहून मराठी शिकवीत असता आम्हांस असा अनुभव आहे की, शिकारकथा वाचावयास घेतली म्हणजे वर्ग एरवीपेक्षा अधिक सावध होतो. अशाच एका तासाला, रायफलीतील 'सॉलिड' काडतूस काढून शिकाऱ्याने 'सॉफ्ट-नोज' भरले, असे वाक्य आले. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, गोळी ती गोळी. तीत मऊ काय नि कठीण काय?" त्या दिवशी आम्ही वेळ मारून नेली. पुढे शोध घेतला तेव्हा कळले की, जो भेद आम्ही तपशील म्हणून सोडून दिला, त्यावरच कथेतील पुढचे सारे प्रसंग उभे होते. अध्यापकबंधूंना उपयोगी पडावे म्हणून ती माहिती येथे मांडीत आहोत.

प्रथम शब्दांचा विचार करू. 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला. काडतूस आणि गोळी ह्या एकच वस्तू नव्हेत. दारू आणि गोळी एकत्र बांधलेला जो नग, ते काडतूस. त्यातून सुटून लक्ष्यावर जाऊन आदळते ती गोळी. म्हणून 'काडतूस वाघाच्या छातीत शिरले' असे लिहिणे चूक होय. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मध्ये १८५७ च्या धामधुमीतील काडतुसांची हकिकत आहे. ती काडतुसे कागदी होती. कागद दातांनी फाडून दारू नळीत ओतावयाची व मग गोळी ठासावयाची, अशी रीत होती. गोळी निव्वळ मऊ शिशाची असून तिचा बुड पोकळ असे. बार होताच बुड फुगे आणि नळीच्या आतील पेचदार आट्यांत घट्ट बसे. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाई.

काळी दारू होती तोवर शिसे पुरेसे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली आणि गोळीचा वेग फार वाढला. त्या वेगात उघडे शिसे आट्यांवर घासून झडू लागले, म्हणून गोळीवर तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे कवच चढविण्यात आले. ह्यातून नवीच अडचण उद्भवली. पूर्वीची मोठी, मऊ गोळी अंगात चपटी होऊन रुंद जखम करी. कवचाची बारीक गोळी सुईप्रमाणे आरपार जाऊ लागली. वायव्य सरहद्दीवरील लढायांत इंग्रजी सैन्यास हे जाणवले, तेव्हा कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यात गोळीच्या टोकावरील कवच थोडेसे उघडे ठेवण्याची युक्ती काढण्यात आली. उघडे शिसे लक्ष्यात शिरताच छत्रीसारखे पसरे. 'डमडम गोळी' हे नाव जगभर झाले ते यामुळे. माणसांवर असली गोळी चालविणे अमानुष ठरवून १८९९ साली हेगच्या परिषदेत युद्धात तिचा निषेध करण्यात आला.

शिकारीत मात्र नेमके उलट घडले. सैनिकास जायबंदी केले की युद्धाचे काम भागते. जनावरास जायबंदी करून सोडणे हा शिकाऱ्याच्या दृष्टीने मोठा दोष होय. म्हणून जी गोळी युद्धात निषिद्ध, तीच वाघाच्या शिकारीत योग्य मानली गेली. 'सॉफ्ट-नोज' म्हणजे टोकाशी शिसे उघडे असलेली, पसरणारी गोळी. 'सॉलिड' म्हणजे टोकापर्यंत अखंड कवचाची, न पसरता खोल जाणारी गोळी. सुमारे दोनशे किलो वजनाच्या वाघाला पहिली. आठशे-हजार किलोंच्या गव्याला अथवा हत्तीला, जेथे जाड हाडे भेदून जावे लागते तेथे, दुसरी. निवड उलटी झाली तर दोन्हीकडून घात होतो. वाघाला लागलेली सॉलिड लहानसे भोक पाडून निघून जाते आणि वाघ झाडीत शिरतो. गव्याच्या खांद्यावरील सॉफ्ट-नोज वरच्यावर फुटून केवळ मांस फाडते.

ह्यात वेगाचा हिशेबही आहे. जुन्या भारी रायफलींच्या गोळ्या वजनदार आणि बेताच्या वेगाच्या असत. '४५०' मापाच्या, म्हणजे इंचाच्या साडेचारशे सहस्रांश व्यासाच्या रायफलीची ४८० ग्रेनची गोळी म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम शिसे. तिचा वेग सेकंदास सुमारे ६५० मीटर. १९१२ साली निघालेल्या '३७५ मॅग्नम'ची ३०० ग्रेनची गोळी सुमारे १९ ग्रॅमची, वेग सुमारे ७६० मीटर. ह्या वेगात मऊ टोकाची गोळी हवी तेवढीच उमलते व मागचा भाग पुढे रेटीत राहतो. तीच रचना हलक्या, अतिवेगवान गोळीस दिली की ती आदळताच ठिकऱ्या होण्याचा धोका असतो. १९४६ साली जॉन नॉस्लर ह्या अमेरिकन शिकाऱ्याला चिखलाने माखलेल्या मूजवर हाच अनुभव आला. त्यातून त्याने मध्ये धातूचा पडदा असलेली गोळी तयार केली. तिचा पुढील भाग पसरतो, मागील भाग अभंग राहतो.

कथेतील आकडेही बोलके असतात. हिंदुस्थानात ४५० मापाच्या रायफली व काडतुसे आणण्यास १९०७ साली सरकारने बंदी केली. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना तो दारूगोळा उपयोगी पडेल, ही भीती त्यामागे होती. म्हणून कारागिरांनी ४६५ सारखी मापे काढली. बंडाची धास्ती अशी शिकाऱ्याच्या खांद्यावरील हत्याराच्या मापातही उतरली आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जिम कॉर्बेट यांचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरील पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झाले. १९०७ साली त्यांनी मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ मनुष्यबळी नोंदलेले होते. तिचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले, एक अर्धा तर दुसरा पार हाडापर्यंत. आणि त्याचे कारण बंदुकीची जुनी जखम हे होते. नैसर्गिक भक्ष्य धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली. कोणा अज्ञाताच्या एका अपुऱ्या गोळीची ही किंमत, आणि ती फेडली लाकूडफाटा व पाला आणावयास रानात गेलेल्या बायाबापड्यांनी.

आमच्या ग्वाल्हेर संस्थानातही शिकारीचे मोठे शास्त्र झाले होते. माधवराव महाराज शिंदे यांनी १९२० साली वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. शिवपुरी ही संस्थानची उन्हाळी राजधानी आणि तेथील रान राजेरजवाड्यांच्या शिकारीचे. अशा शिकारींची वर्णने वाचताना मचाणावरील पाहुण्याचे नाव आपल्याला कळते, रान उठविणाऱ्या शेकडो हाकेकऱ्यांचे नाही. जायबंदी वाघाचा माग स्वतः काढावा, हा शिकाऱ्यांचा दंडक खरा. तरी झाडीत पायी असलेला मनुष्य बहुधा हाकेकरीच असे. मचाणावर कोणती गोळी भरली गेली, ह्याचा परिणाम खाली उभ्या असलेल्या ह्या माणसावर होई.

आता ते दिवस सरले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाची शिकार गुन्हा ठरली. शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानात २०२३ साली पुन्हा वाघ सोडण्यात आले आणि २०२५ साली ते व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. आफ्रिकेत परवान्याने शिकार करणारे अजून जुन्या रायफली व जुन्या धर्तीच्या गोळ्या वापरतात. परंतु शिशाच्या कणांनी मृतभक्षक पक्षी दगावतात हे कळल्यावर कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी सर्वस्वी बंद केली.

तेव्हा शिकारकथा शिकविताना अध्यापकांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : गोळी कोणती होती, ती कोणत्या जनावरासाठी केलेली होती, आणि ती चुकली असती तर झाडीत कोण उभे होते? आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात हेच केले. ती विद्यार्थिनी थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "म्हणजे सर, वाघ मुळात दुष्ट नव्हता." कथेतील 'क्रूर श्वापद' ह्या शब्दांखाली तिने पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली होती, ती तिने खोडली.