दगडात जीव भरताना

बदलापुरात बसून समुद्र घरात आणायचाय? रीफ टँकचे रील्स बघून लगेच मासे आणायला पळू नका. आधी दगड तयार करा. त्याला म्हणतात 'लाइव्ह रॉक'. जिवंत असतात ते त्याच्या छिद्रांत राहणारे जिवाणू. माशांच्या घाणीतून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात.

पण हा दगड समुद्रातून उचलायचा नाही, बरं का! २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, अगदी वाघासारखे. कोस्टल रोडसाठी वरळी-हाजीअलीचे प्रवाळ हलवायलाही वन खात्याची परवानगी लागली. कुणी 'ओरिजिनल' म्हणून विकत असेल, तर सरळ नाही म्हणा.

त्याऐवजी सच्छिद्र सिरॅमिक रॉक घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून आरओचं पाणी वापरा. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मरीन सॉल्ट; स्वयंपाकघरातलं मीठ चालणार नाही. बाटलीतले जिवाणू आणि चिमूटभर फिश फूड टाका. पंप सतत चालू, लाइट बंद.

आता चार ते सहा आठवडे थांबा. फूड कुजून अमोनिया वाढेल, मग नायट्राइट. टेस्ट किटवर दोन्ही वाढून पुन्हा शून्यावर आले, की पहिला मासा आणा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी २७ अंशांवर गेलं, तर पंखा लावा. पाणी आटलं की साधं आरओचंच घाला, मीठ उडून जात नाही. वीज गेली तर? बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

घाई केलीत, तर किंमत मासा मोजतो.