मुखवट्याआडचा आवाज कोणाचा?

पडद्यावरचा मिकी माऊस १९२९ सालीच बोलू लागला. ‘द कार्निव्हल किड’ या लघुपटात हॉट डॉग विकताना त्याच्या तोंडून प्रथमच शब्द बाहेर पडले. मात्र कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड सुरू झाल्यावर तेथे पाहुण्यांना प्रत्यक्ष भेटणारा मिकी पुढे कित्येक दशके मुकाच राहिला. हात हलवणे, कमरेत वाकून अभिवादन करणे, गळाभेट घेणे आणि मुलांच्या वहीत स्वाक्षरी करणे एवढीच त्याची भाषा होती. गेल्या दोन दशकांत या मुक्या पात्रांना वाचा देण्याचे अनेक प्रयोग झाले. त्यांतून पुढे आलेला प्रश्न तंत्रज्ञानापुरता मर्यादित नाही. पात्र बोलू लागले, तर त्याच्या तोंडून नेमके कोण बोलते, हा तो प्रश्न आहे.

मुकी आणि बोलकी

डिस्नेच्या उद्यानांत पात्रांचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. सिंड्रेला, मुलान, अलादिन यांसारख्या भूमिका करणाऱ्या कलाकारांचा चेहरा उघडा असतो. ते पात्राच्या ढंगात थेट गप्पा मारतात. मिकी, गूफी, प्लुटो यांसारखी पात्रे मात्र संपूर्ण मुखवट्यात व पोशाखात असतात आणि ती बोलत नाहीत. त्यांच्यासोबत असणारा सेवक पाहुण्यांना रांगेत पुढे आणतो आणि गरज पडल्यास पात्राच्या वतीने चार शब्द बोलतो.

या मौनामागे व्यावहारिक शहाणपण आहे. मिकीचा आवाज जगभर ओळखीचा आहे आणि तो आजवर मोजक्याच व्यक्तींनी दिला आहे. सुरुवातीला स्वतः वॉल्ट डिस्ने, त्यांच्यानंतर जिमी मॅकडोनाल्ड, मग २००९ मध्ये निधन होईपर्यंत वेन ऑलवाइन आणि त्यांच्यामागून ब्रेट आयवन अशी ही परंपरा आहे. उलट मिकीचा पोशाख चढवणारे कलाकार पुष्कळ आहेत. त्यांतील प्रत्येक जण आपापल्या आवाजात बोलू लागला, तर सकाळी भेटलेला मिकी आणि संध्याकाळचा मिकी वेगळे आहेत, हे चार वर्षांच्या मुलाच्याही ध्यानात येईल.

दुसरे कारण भाषेचे. टोकियोत १९८३ मध्ये, पॅरिसजवळ १९९२ मध्ये, हाँगकाँगमध्ये २००५ मध्ये आणि शांघायमध्ये २०१६ मध्ये डिस्नेची उद्याने उघडली. इंग्रजी, जपानी, फ्रेंच किंवा चिनी बोलणाऱ्या मुलाशी एकच मुका मिकी सारख्याच आपुलकीने वागू शकतो. कर्णबधिर मुलांशी ही पात्रे खुणांच्या भाषेत ‘बोलत’ असल्याच्या चित्रफितीही अनेकांनी पाहिल्या आहेत. तोंड न उघडणाऱ्या पात्राचा हा गुण सहसा लक्षात घेतला जात नाही.

या भेटीत स्पर्शाला किती मोल आहे, हे कोविडच्या साथीने दाखवून दिले. साथीनंतर उद्याने उघडली तेव्हा पात्रे दुरूनच हात हलवीत. अमेरिकेतील डिस्ने उद्यानांत गळाभेटीची मुभा पुन्हा मिळाली ती एप्रिल २०२२ मध्ये.

क्रश आणि स्टिच

बोलक्या पात्रांच्या प्रयोगांत मोठे यश मिळाले ते एका कासवाला. ‘फाइंडिंग निमो’ (२००३) या चित्रपटातील क्रश हे समुद्री कासव नोव्हेंबर २००४ पासून फ्लोरिडातील एपकॉट उद्यानात पडद्यावर प्रकटू लागले. समोर बसलेल्या मुलांना ते हाक मारते, त्यांच्या कपड्यांवरून थट्टा करते आणि अचानक आलेल्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देते. पडद्याआड बसलेला कलाकार क्रशचा आवाज काढतो आणि त्या बोलण्याबरोबर संगणकावरील कासवाचे ओठ, डोळे व पर हलतात. मराठी वाचकांना यावरून शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या हातातील अर्धवटराव सहज आठवतील. तेथे बाहुली कापडा-लाकडाची असते, येथे ती प्रकाशाची आहे, एवढाच काय तो फरक. उत्तर सुचते ते माणसालाच.

हाच क्रश कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीमधील मुलांच्या रुग्णालयातही पोहोचला आणि तेथील बालरुग्णांशी गप्पा मारू लागला. हाँगकाँगमध्ये २००६ साली याच धर्तीवर स्टिच हे पात्र इंग्रजी, कँटोनीज व मँडरिन या तीन भाषांत प्रेक्षकांशी बोलू लागले. म्हणजे वाचा दिली की भाषाही निवडावी लागते, हे तेथे ओघानेच आले.

मिकीची पाच वर्षे

पडद्यावरील पात्राला बोलते करणे आणि हाडामांसाच्या माणसाने घातलेल्या मुखवट्याला बोलते करणे यांत मोठे अंतर आहे. फ्लोरिडातील मॅजिक किंगडममध्ये २०१३ साली जादूगाराच्या वेषातील बोलका मिकी पाहुण्यांना भेटू लागला. त्याच्या पापण्या मिटत, तोंड उघडझाप करी आणि ओळखीच्या आवाजात तो कुटुंबाचे स्वागत करी. ही वाक्ये अर्थातच आधी ध्वनिमुद्रित केलेली होती.

हा मिकी पाहून मोठी माणसेही हरखून जात. परंतु ध्वनिमुद्रणाला एक उपजत मर्यादा असते. साठ्यात असलेलेच वाक्य त्यातून निघू शकते. मूल मात्र ठरलेले बोलत नाही. ते पडलेल्या दाताविषयी सांगते, नुकत्याच झालेल्या भावंडाविषयी सांगते, घरी राहिलेल्या आजीसाठी स्वाक्षरी मागते. मुक्या मिकीला अशा वेळी गालावर हात ठेवून आश्चर्य दाखवता येते किंवा हृदयावर हात ठेवता येतो आणि तेवढे उत्तर मुलाला पुरते. बोलणाऱ्या मिकीकडून शब्दांची अपेक्षा केली जाते आणि नेमका शब्द न आल्यास ती उणीव जाणवते. मे २०१८ मध्ये तेथील बोलक्या मिकीच्या भेटी थांबल्या आणि मिकी पुन्हा हातवाऱ्यांकडे वळला.

यंत्राचे उत्तर

ध्वनिमुद्रणाची ही अडचण कृत्रिम बुद्धिमत्ता दूर करील, अशी आशा आता व्यक्त होते. तसे झाले, तरी दुसरी अडचण उभी राहते. मे २०२५ मध्ये ‘फोर्टनाइट’ या संगणकीय खेळात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा डार्थ व्हेडर आला. दिवंगत अभिनेते जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजाची ही प्रतिकृती कुटुंबीयांच्या संमतीने वापरण्यात आली होती. तरीही काही खेळाडूंनी पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडून शिव्या वदवून घेतल्या आणि कंपनीला घाईघाईने दुरुस्ती करावी लागली. कलाकारांच्या ‘सॅग-आफ्ट्रा’ या संघटनेने, आपल्याशी वाटाघाटी न करता सभासदांच्या कामाची जागा यंत्राला दिल्याची तक्रार केली. उद्यानात तर समोर लहान मूल उभे असते आणि तोंडून गेलेला शब्द मागे घेता येत नाही.

तरीही पावले त्या दिशेने पडत आहेत. डिस्नेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘फ्रोझन’मधील ओलाफ हा चालता-बोलता यंत्रमानव सादर केला. या ओलाफच्या आत कोणी माणूस नाही.

आतल्या माणसाची बाजू

या चर्चेत पोशाखाआडचा कलाकार बहुधा विसरला जातो. जड पोशाख, उन्हाळा, मुखवट्यातून दिसणारी जेमतेम दृष्टी आणि अंगावर झेपावणारी मुले हे त्याचे रोजचे काम असते. चेहरा दिसू द्यायचा नाही, आवाज ऐकू येऊ द्यायचा नाही, हा त्याच्या कलेचाच नियम आहे. फ्लोरिडातील असे कलाकार टीमस्टर्स या कामगार संघटनेत आहेत. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये मात्र पात्रे व मिरवणुकांतील सुमारे १,७०० कर्मचाऱ्यांना संघटनेचे प्रतिनिधित्व नव्हते. मे २०२४ मध्ये त्यांनी ‘ॲक्टर्स इक्विटी’ या संघटनेत सामील होण्याबाबत मतदान केले. बाजूने ९५३ आणि विरोधात २५८ मते पडली. मुलांसमोर अवाक्षर न काढणाऱ्या या कलाकारांना व्यवस्थापनासमोर आपला आवाज हवा होता, तो त्यांनी मतपेटीतून मिळवला.

क्रशचे यश आणि मिकीच्या पाच वर्षांचा अनुभव शेजारी ठेवले, तर एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या पात्रामागे ऐकणारा माणूस होता, त्याचे संभाषण टिकले. हालणारे ओठ, मिटणाऱ्या पापण्या आणि अचूक आवाज ही सामग्री यंत्र पुरवू शकते. पण पडलेल्या दाताची हकिगत सांगणाऱ्या मुलाला प्रथम हवा असतो तो श्रोता. तो मुखवट्याच्या आत शिल्लक ठेवायचा की नाही, हे उद्याने चालवणाऱ्यांना आता ठरवायचे आहे.