लहान होडीवरील बॅटरी व तिच्याकरितां चार्जरची निवड

मावळांत पवना नदीवरील धरण १९७२ सालीं पुरें झालें. तेव्हांपासून जलाशयाच्या कांठीं भातशेतीच्या जोडीस मासेमारीही आली, आणि थर्माकोलच्या तराफ्यांबरोबर आतां फायबरच्या लहान होड्या दिसूं लागल्या आहेत. हेंच पाणी नदीवाटे आमच्या शिरगांवाजवळून खालीं जातें व पुढें रावेत येथें उचलून पिंपरी-चिंचवड शहरास पिण्याकरितां दिलें जातें. अशा पाण्यावर तेल सांडणारें इंजिन चालविणें बरें नव्हे. म्हणून बॅटरीवर चालणारी लहान मोटार होडीस लावावी असा विचार कोणाही समंजस माणसाच्या मनांत येतो. मोटार कोणती घ्यावी याची चौकशी सर्वजण करितात. बॅटरी पुन्हा भरावयाची कशानें, हा प्रश्न मात्र दुकानाची पायरी उतरतांना आठवतो, आणि नुकसान होतें तें तेथेंच.

आमचे एक आप्त जलाशयाच्या कांठीं भातशेती करितात. त्यांनीं अशी होडी घेतली आणि एका वर्षांत दोन बॅटऱ्या घालविल्या. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमचा जन्म गेला, त्यामुळें यंत्रांशीं आमचा संबंध थोडा. परंतु खर्चाचा हिशेब मांडण्यास त्यांनीं आम्हांस बोलाविलें, व बॅटऱ्या कां मेल्या याचा शोध करितां करितां जें समजलें तें येथें देत आहों.

पहिली बॅटरी गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका दुकानांतील जुन्या चार्जरवर रात्रभर लावीत असत. तो चार्जर आपण होऊन थांबणारा नव्हता. बॅटरी भरल्यावरही वीज आंत जातच राहिली, तेजाबांतील पाणी वायु होऊन उडून गेलें, पत्रे उघडे पडले व वांकले. दुसऱ्या बॅटरीच्या वेळीं आप्तांनीं धास्ती घेतली आणि दुचाकीच्या बॅटरीचा दोन आंपिअरचा लहानसा चार्जर आणला. त्यानें मोठी बॅटरी कधींच पुरी भरली नाहीं. अर्धपोटीं राहिलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचा पांढरा कठीण थर बसतो व मग ती वीज घेईनाशी होते, तसेंच झालें. एक अजीर्णानें गेली, दुसरी उपासानें.

शिशाची ही बॅटरी फ्रान्समधील गॅस्टन प्लांटे यानें १८५९ सालीं प्रथम तयार केली, व तिचा स्वभाव आजही तोच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरींत सहा घरें असतात. ती भरण्याची रीत रांजण भरण्यासारखी आहे. रांजण रिकामा असतां घागरच्या घागर उपडी करावी. कांठ जवळ आला म्हणजे तांब्यानें घालावें. आणि भरल्यावर जेवढें पाझरेल तेवढेंच घालावें. चांगला चार्जर हेंच तीन टप्प्यांनीं करतो. प्रथम तो आपल्या पुऱ्या शक्तीनें वीज देतो. व्होल्ट १४.४ च्या सुमारास आले कीं तेथें धरून ठेवतो व वीज हळूहळू कमी होऊं देतो. शेवटीं १३.५ च्या आसपास उतरून नुसती राखण करतो. ज्या चार्जरला हा तिसरा टप्पा नाहीं तो होडीवर कायमचा बसवूं नये.

आतां आकार किती घ्यावा तें पाहूं. दुकानदार किती आंपिअरचा देऊं असें विचारतो, आणि आपण मोठा द्या म्हणून मोकळे होतों. हा हिशेब बॅटरीपासून सुरू करावा. आमच्या आप्तांची बॅटरी १०० आंपिअर-तासांची, पातळ तेजाबाची आहे. लहान मोटार पूर्ण वेगांत ३० ते ५० आंपिअर ओढते, जाळें टाकतांना मंद चालविली तर पुष्कळच कमी. शिशाची बॅटरी निम्म्याखालीं उतरवूं नये, म्हणजे रोजचा खर्च जास्तींत जास्त ५० आंपिअर-तास. जमेस मात्र खर्चाहून अधिक घालावें लागतें, कारण भरतांना सुमारें पांचव्या हिश्शाची घट येते. म्हणजे ६० झाले. दहा आंपिअरच्या चार्जरनें याला सहा तास, व शेवटीं वीज मंद होत जाते त्याचे आणखी एकदोन तास धरावे. पांच आंपिअरच्या चार्जरनें दुप्पट वेळ. शेतावरील मोटारपंपाची वीज ठराविक तासच येते हें आपणांस सांगावयास नको. तेवढ्या वेळांत जो चार्जर काम उरकूं शकेल तो आपला. उलट फार मोठाही नको. पातळ तेजाबाच्या बॅटरीस तिच्या आंकड्याच्या दहाव्या हिश्शाइतके आंपिअर मानवतात, पांचव्या हिश्शाच्या पुढें सहसा जाऊं नये. एवढी बॅटरी एकदां भरण्यास साधारण एक युनिट वीज जाते. तेव्हां बिलाची चिंता करण्याचें कारण नाहीं, चिंता बॅटरीचीच करावी.

बॅटरीचा प्रकार चार्जरवर निवडतां येतो कीं नाहीं हेंही विचारावें. बंद पेटीच्या जेल बॅटरीस १४.१ च्या सुमाराचे व्होल्ट पुरतात. तिला पातळ तेजाबाच्या बॅटरीचा चार्जर लावल्यास ती आंतून सुकते, आणि वरून पाणी घालण्याची सोय तिला नसते. लिथियमची बॅटरी वजनानें शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहूनही हलकी, पण तिला तिचाच चार्जर पाहिजे. चैत्र-वैशाखांतील उन्हांत शिशाच्या बॅटरीस व्होल्ट थोडे कमी द्यावे लागतात, दर अंशास सुमारें दोन ते तीन शतांश व्होल्ट. उष्णता मापून हें आपोआप करणारे चार्जर मिळतात, व थोडे पैसे अधिक पडले तरी आम्ही तेच घेण्यास सांगूं. होडीवर दोन बॅटऱ्या असतील तर दोन स्वतंत्र वाटा असलेला चार्जर घ्यावा. एकाच वाटेवर दोन्ही जोडल्यास कमजोर बॅटरी चांगलीसही खालीं ओढते.

चार्जर होडीवरच बसवावा कीं घरीं ठेवावा? शंभर आंपिअर-तासांची शिशाची बॅटरी पंचवीस ते तीस किलो भरते. ती रोज चिखलांतून चढावर नेणें म्हणजे कंबर मोडून घेणें होय. शिवाय उचलतांना तेजाब सांडतें. म्हणून होडी विजेच्या खांबाजवळ ओढून ठेवतां येत असेल तर चार्जर होडीवरच पक्का करावा. पण उन्हाळ्यांत जलाशयाचें पाणी मागें हटतें, होडी दूर जाते, आणि मग लोक तारेस तार जोडून ती चिखलांतून पाण्यापर्यंत नेतात. हें कदापि करूं नये. घरगुती विजेचे २३० व्होल्ट व ओलें अंग यांची गांठ पडली तर वैद्यास बोलावण्याइतकाही वेळ मिळत नाहीं. भरणी करावयाची ती होडी कोरड्या जमिनीवर ओढून, आणि आंत माणूस नसतांना. खांबाजवळ ३० मिलिआंपिअरला तुटणारा गळती-स्विच असलाच पाहिजे. चार्जरच्या पेटीवर आयपी ६७ असा शिक्का पाहावा; त्याचा अर्थ, धूळ आंत जाणार नाहीं व मीटरभर पाण्यांत अर्धा तास राहिला तरी निभावेल. बॅटरीकडे जाणाऱ्या तारेंत बॅटरीपासून वीतभराच्या आंत फ्यूज घालावा. भरणी चालू असतां बॅटरीतून हायड्रोजन वायु निघतो, व हवेंत तो शेंकडा चार झाला कीं ठिणगीसरशी पेटतो. तेव्हां पेटीचें झांकण उघडें असावें आणि बिडी दूर.

जेथें खांबच जवळ नाहीं तेथें सौर पत्रा बरा. शंभर वॅटचा पत्रा निरभ्र दिवशीं पंचवीस-तीस आंपिअर-तास देतो. पण मधें नियंत्रक हवाच, आणि मावळांतील आषाढ-श्रावणांत त्याचा भरंवसा धरूं नये.

आमच्या आप्तांनीं शेवटीं दहा आंपिअरचा, तीन टप्प्यांचा, बंद पेटीचा चार्जर होडीच्या मागच्या फळीखालीं, बॅटरीपासून थोडा अलग, बसविला. रोज सायंकाळीं चौघे मिळून होडी खोपीपर्यंत ओढतात. दर पंधरवड्यास बॅटरीचीं झांकणें उघडून पाहतात व पाणी कमी दिसल्यास डिस्टिल्ड वॉटर घालतात, विहिरीचें नव्हे. पावसाळ्यांत होडी गोठ्याच्या पडवींत पालथी असते आणि बॅटरी व चार्जर काढून घरांत फळीवर ठेवलेलीं असतात. महिन्यांतून एक रात्र चार्जर लावतात. गेल्या खेपेस तो काढल्यावर दुसऱ्या दिवशीं मापकावर १२.७ व्होल्ट दिसले, म्हणजे बॅटरी पुरी भरलेली होती.