गावातलं घर आणि न येणारं बिल

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला सोसायटीचं मेंटेनन्स बिल कायम खुपत असतं. निवृत्ती जवळ आली की दापोली, देवरूख, वाई, भोर अशी नावं घरात ऐकू येऊ लागतात. तिथं जुनं घर घ्यायचं, ना सोसायटी ना सेक्रेटरी. बेत चांगलाच आहे. पण तो ज्या समजुतींवर उभा असतो, त्यांतल्या बऱ्याच कच्च्या असतात.

पहिली समजूत पैशाची. मेंटेनन्स नाही, म्हणजे महिन्याचा खर्च वाचला. आता त्या बिलात असतं काय? वॉचमन, लिफ्ट, जिन्यातले दिवे हे तर आहेच. पण आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडही दरवर्षी बाजूला काढायचा असतो. म्हणजे सोसायटी तुमच्याकडून सक्तीची बचत करून घेते. स्वतंत्र घराला अशी सक्ती करणारं कोणी नाही, एवढाच फरक. तीस लाखांचं बांधकाम असेल तर त्याच हिशेबानं वर्षाला तीस हजार आपणच वेगळे ठेवायला हवेत. ते कोणी ठेवत नाही.

कोकणातलं कौलारू घर घ्या. पाऊस सुरू होण्याआधी माणूस वर चढवून कौलं परतायची, फुटलेली बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या. वाशांना वाळवी लागलीय का, ते ठोकून बघायचं. एक वर्ष हे टाळलं की पाणी भिंतीत उतरतं, आणि मग गवंडी मागेल ती मजुरी. गावात ड्रेनेज नसतं, म्हणून संडासाची टाकीही दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. शिवाय ग्रामपंचायतीची घरपट्टी आहेच, आणि तिच्यासोबत पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर. शहरातल्या मेंटेनन्सपुढे ही रक्कम सहसा किरकोळ असते, हे मात्र खरं.

खरा धोका खर्चात नाही, कागदात आहे. ‘घरपट्टीची पावती माझ्या नावावर आहे, म्हणजे घर माझं,’ असं विकणारा छातीठोकपणे सांगतो आणि घेणारा मान डोलावतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. कर कोणाकडून वसूल करायचा, हे पंचायतीला कळावं म्हणून ती ठेवलेली. तिचा उतारा हातात आला की नीट वाचा: मालकाचं नाव एका रकान्यात असतं आणि भोगवटादाराचं दुसऱ्या. पुष्कळदा विकणाऱ्याचं नाव फक्त दुसऱ्यात सापडतं. आजोबांना कोणी तरी राहायला दिलं, ते राहिले, पट्टी भरत गेले, मालक भलताच. गायरानावर बांधलेल्या घरालाही नमुना ८ चा उतारा आणि विजेचं मीटर मिळालेलं असू शकतं. गायरानासारख्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात राज्यांना बजावलं आहे. तिथं पट्टीच्या पावत्यांची चळत कामाला येत नाही.

मालकी ठरते ती नोंदणीकृत खरेदीखतानं, आणि विकणाऱ्याकडे ते घर कसं आलं या साखळीनं. शंभर रुपयांच्या किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदवलीच पाहिजे, हा नियम १९०८ च्या नोंदणी कायद्यातला. तरीही स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून घरं विकली जातात. राज्यात नोंदणी फी एक टक्का, तीही जास्तीत जास्त तीस हजार. मुद्रांक शुल्क धरलं तरी, ते वाचवायला जन्माची पुंजी टांगणीला लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, आणि खरेदीखतातली चतुःसीमा हातात धरून घराभोवती एक चक्कर मारा.

त्यात घर वडिलोपार्जित असेल तर व्यवहार थोरल्या भावाशी होतो. चहा तोच पाजतो, किल्ल्याही त्याच्याकडेच. लग्न होऊन गेलेल्या बहिणींचं नावही निघत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. आणि हा हक्क जन्मानं येतो, दुरुस्तीच्या वेळी वडील हयात होते की नाही याचा संबंध नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. तेव्हा बहिणींच्या सह्या खरेदीखतावर हव्यात, नाही तर त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र.

काहींची भीती उलटी असते: सातबारा नाही, म्हणजे घोटाळा. गावठाणातल्या घराला सातबारा सहसा नसतोच. जिथं मोजणी झाली आहे तिथं मिळकत पत्रिका असते. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून सनदा आणि मिळकत पत्रिका देण्याचं काम हाती घेतलं गेलं. पत्रिका असेल तर कर्जासाठी बँकेशी बोलणंही सोपं जातं. आणखी एक दिलासा: गावठाणातलं घर घ्यायला शेतकरी असावं लागत नाही. घर शेतजमिनीवर असेल तर मात्र कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, आणि बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय ती जमीन घेता येत नाही.

गावाबाहेरच्या बंगलो प्लॉटच्या स्कीममध्ये तर मेंटेनन्स मागच्या दारानं येतो. आतले रस्ते, दिवे पंचायतीकडे सोपवले नसतील तर त्यांचा खर्च प्लॉटवाल्यांवरच. करारनाम्यातलं ते कलम आधी शोधा.

आणि घरपट्टी आज आहे तेवढीच राहील, हेही धरून चालू नका. २०१४ पासून तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. कुडाळ हे त्यांतलंच. मग कर आकारणीची पद्धत बदलते आणि बांधकाम परवानगीचं दारही. तालुक्याच्या गावात घर बघत असाल तर नमुना ८ मागण्याआधी तिथं ग्रामपंचायत उरली आहे का, तेवढं विचारून घ्या.