तीन मिनिटांची झिंझोटी

एक तबकडी, एक श्रोता

पंडित भीमसेन जोशी यांच्या गायकीचा उगम सांगताना एका ध्वनिमुद्रिकेचे नाव घ्यावेच लागते. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी गायिलेली, झिंझोटी रागातील ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही ठुमरी त्यांनी लहानपणी गदगमध्ये ऐकली आणि आपल्याला असेच गाता आले पाहिजे, हा ध्यास घेतला. आवडती गाणी प्रत्येक कलावंताची असतात. एखाद्या तबकडीने शाळकरी मुलाला घराबाहेर काढल्याचे उदाहरण मात्र विरळा. त्या तबकडीत काय होते आणि काय नव्हते, हे तपासले की या ध्यासाचे स्वरूप उलगडते.

तबकडीची घडण

त्या काळची तबकडी लाखेची असे. लाखेत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून ती दाबून तयार करत. तिच्यावरील नागमोडी खाचेतून पोलादी पिन फिरते, पिनेची थरथर साउंडबॉक्समधील पातळ पडद्यापर्यंत पोचते आणि कर्ण्यातून आवाज बाहेर पडतो. यंत्र चावीवर चाले. पिन झिजत असल्याने प्रत्येक बाजूनंतर ती बदलावी लागे. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्याला सुरू झाले. सुरुवातीला येथे मुद्रित केलेले गाणे जर्मनीतील हॅनोव्हरच्या कारखान्यात तबकडी होऊन परत येई. १९०८ पासून तबकड्या कलकत्त्यातच निघू लागल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. मैफलीत तासभर फुलणाऱ्या गाण्याला ही फारच अपुरी जागा होती. साहजिकच गायक द्रुत चीज, ठुमरी, भजन, नाट्यपद अशा आटोपशीर प्रकारांकडे वळले.

गायक

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ मध्ये उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. किराणा घराण्याचे नाव या गावावरूनच आले. त्यांची कर्मभूमी मात्र महाराष्ट्र आणि कर्नाटक. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, पुढे ते मिरजेला स्थायिक झाले आणि १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाल्यावर मिरजेतच मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले. त्यांचा आवाज उंच, बारीक आणि टोकदार होता. रुंद, भरदार आवाजाला मान असलेल्या काळात त्यांनी स्वराच्या नेमकेपणावर सारी भिस्त ठेवली. सांगलीचे कृ. बा. देवल आणि इंग्रज अधिकारी ई. क्लेमेंट्स यांच्या श्रुतिविषयक संशोधनातही त्यांच्या गळ्याचा उपयोग झाला. स्वर किंचित चढला वा उतरला तर काय होते, हे ज्याच्या गळ्यातून दाखवता येत होते, असा हा गायक. ‘चंद्रिका ही जणू’ यासारखी मराठी नाट्यपदेही त्यांनी ध्वनिमुद्रित केली आहेत.

झिंझोटी आणि ठुमरी

झिंझोटी हा खमाज थाटातील राग. निषाद कोमल, बाकीचे स्वर शुद्ध. त्याची ओळख मंद्र सप्तकातील धैवतापासून निघून षड्ज, रिषभ, मध्यम घेत गंधारावर टेकणाऱ्या स्वरवाक्याने पटते. मध्यमावरून मागे वळून गंधारावर येण्याची ही चाल रागाला आर्जवी स्वभाव देते, आणि विरहाच्या ठुमरीला तो स्वभाव नेमका मानवतो. ठुमरीत शब्द मोजके असतात. मुखडा पुन्हा पुन्हा येतो, पण दर खेपेला त्याच्याकडे परतण्याची स्वरांची वाट निराळी असते. खाँसाहेबांच्या गायनात ही वाट लांबलचक, न तुटणाऱ्या स्वरांची आहे. शब्दाचा अर्थ अभिनयाने खुलवण्याची पूरब अंगाची रीत येथे दुय्यम ठरते; आर्तता स्वराच्या लगावातून येते. जुन्या ध्वनिमुद्रणाच्या खरखरीतूनही तो बारीक, टोकदार स्वर स्पष्ट कानी येतो. आवाजाची जी जात मोठ्या सभागृहात कदाचित नाजूक वाटली असती, तीच कर्ण्याच्या यंत्राला विलक्षण मानवली, असे म्हणण्यास जागा आहे.

पुनरावृत्तीचे मोल

भीमसेन जोशी यांचा जन्म १९२२ चा. वडील शिक्षक, घरात आईची भजने. रेकॉर्डच्या दुकानासमोर थांबून गाणी ऐकणे हा या मुलाचा छंद होता. ध्वनिमुद्रिकेने अशा श्रोत्याला जे दिले, ते त्याआधीच्या कोणत्याही पिढीला मिळाले नव्हते. मैफलीतील जागा एकदाच येते; गुरूही तीच जागा दुसऱ्यांदा हुबेहूब घेत नाही. तबकडी मात्र प्रत्येक वेळी तोच स्वर, तीच मुरकी, तोच श्वास पुढे करते. पहिल्या श्रवणात गाणे आवडते, दहाव्या श्रवणात त्यातील वळणे कळू लागतात, आणि त्यापुढे ती वळणे कानात कायमची राहतात. शिवाय ही सोय घराणे, जात, गाव वा ओळखपाळख पाहत नव्हती. ज्या उस्तादाच्या दारात उभे राहण्याची संधी गदगच्या मुलाला सहज मिळाली नसती, त्याचे गाणे बाजारपेठेतल्या दुकानात ऐकू येत होते. या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते: तबकडीने गाण्याची विद्या दिली नाही, गाण्याचे अंतिम माप दिले.

तबकडीच्या मर्यादा

पहिली मर्यादा वेळेची. तीन मिनिटांत रागाचा गाभा दिसतो, पण बढत दिसत नाही. एकेक स्वर मोकळा करत मध्य सप्तकातून तार षड्जापर्यंत कसे पोचायचे, हे किराणा घराण्याचे मुख्य वैशिष्ट्यच तबकडीत आकसून जाते. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. तबकडी फळ दाखवते, रियाज दाखवत नाही. श्वास कुठे घ्यावा, आवाज कसा लावावा, बेसूर झाल्यास तो कसा सावरावा, यांपैकी काहीही ती सांगत नाही आणि ऐकणाऱ्याची चूक तिला दुरुस्त करता येत नाही.

तिसरी अडचण वेगाची. या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जात असल्या, तरी जुन्या मुद्रणांचा प्रत्यक्ष वेग थोडा कमीजास्त असे. त्यात चावी उतरत आली की यंत्र मंदावे. ७८ ऐवजी ७४ फेऱ्या झाल्या, तर संपूर्ण गाणे जवळजवळ एका अर्धस्वराने खाली उतरते. लयही त्याच प्रमाणात सुस्तावते. स्वरांची आपसांतील नाती शाबूत राहतात, म्हणून राग बिघडत नाही. पण गायकाची मूळ पट्टी कोणती, हे केवळ तबकडीवरून खात्रीने सांगता येत नाही. आज जुनी मुद्रणे संगणकावर उतरवताना हा प्रश्न पुन्हा सोडवावा लागतो.

अनुकरणाची दुसरी वाट

कुमार गंधर्व यांचे बालपण याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेला हा मुलगा नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवी आणि त्यावरच त्याची कीर्ती पसरली. पुढे मुंबईत प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे त्याची रीतसर तालीम झाली. अद्भुत अनुकरणशक्ती असलेल्या मुलालाही त्यापुढे नेणारा गुरू लागला. पुढच्या आयुष्यात कुमारजींनी कोणाचीही नक्कल केली नाही, इतकी त्यांची वाट स्वतंत्र ठरली.

तबकडीकडून तालमीकडे

१९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, भीमसेनजींनी घर सोडले. तात्कालिक निमित्त जेवताना जास्तीचे तूप न मिळाल्याच्या रागाचे, असे ते सांगत. खरे कारण गुरूच्या शोधाचे होते. तिकीट न काढता रेल्वेने, डब्यात गाणी म्हणत, ते ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली असे फिरत अखेर जालंधरला पोचले. तेथे विनायकबुवा पटवर्धन यांची भेट झाली. गदगजवळच्या कुंदगोळला सवाई गंधर्व असताना इतक्या दूर भटकण्याचे कारण नाही, असे बुवांनी सुचवले. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. १९३६ पासून काही वर्षे त्यांच्या घरी राहून, पडेल ते काम करत भीमसेनजी शिकले. तबकडीतील फळ ज्या झाडाचे होते, त्याच झाडाखाली ते येऊन पोचले होते. आता बढत, स्वरलगाव आणि श्वास यांची उत्तरे समोर बसून मिळत होती.

मुद्रिकेतून मुद्रिकेकडे

१९४२ च्या सुमारास भीमसेनजींची पहिली तबकडी निघाली. ७८ फेऱ्यांच्या जागी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एल. पी. आल्यावर एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास अवधी मिळू लागला आणि ख्यालाची बढत प्रथमच घरोघरी पोचली. खाँसाहेबांची ती झिंझोटीतील ठुमरी भीमसेनजी स्वतःही गात. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकली की फरक चटकन ध्यानात येतो: आवाज बारीक न राहता घुमारदार झाला आहे, दमसास वाढला आहे, तानेला जोर आला आहे. केसरबाई केरकर, अमीर खाँ यांच्या गाण्यातूनही त्यांनी बरेच उचलले होते. गंधारावर टेकण्याची आर्जवी रीत मात्र मूळ तबकडीचीच आहे. गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ मध्ये सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाची धुरा भीमसेनजींनी अनेक दशके सांभाळली, आणि तो महोत्सव आजही दर डिसेंबरमध्ये भरतो.